हेर्त्सोगेनआउराखचे बूट आणि आपल्या मनातली वस्तू : झटपट नमुना करून कल्पना कशी पारखावी



गणपतीच्या किंवा दिवाळीच्या कार्यक्रमानंतर जेवताना एक वाक्य हमखास कानावर पडते, "अशी एखादी वस्तू इथे मिळाली असती तर किती बरे झाले असते!" कुणाला इथल्या ओट्यावर घट्ट बसणारी खवणी हवी असते, कुणाला सायकलवर आमटी न सांडणारा डबा हवा असतो, तर कुणाला मुलांसाठी देवनागरी अक्षरांचे ठोकळे. आपल्यात इंजिनिअर मंडळींना तोटा नाही, त्यामुळे कल्पनाही भरपूर निघतात. पुढे काय होते? बहुतेक वेळा काहीच नाही. चहा संपतो, कल्पनाही संपते. क्वचित कुणी उत्साही मनुष्य अगदी दुसऱ्या टोकाला जातो. साठवलेल्या पैशातून थेट साचा करवून घेतो, पाचशे नग मागवतो, आणि ते खोके मग वर्षानुवर्षे केलरमध्ये पडून राहतात.

या दोन टोकांच्या मधला एक शहाणपणाचा रस्ता आहे. त्याला रॅपिड प्रोटोटायपिंग म्हणतात. आपण त्याला झटपट नमुना म्हणूया. आपल्यापैकी अनेक कुटुंबे ज्या हेर्त्सोगेनआउराखमध्ये किंवा त्याच्या आसपास राहतात, ते गाव या रस्त्यावरून शंभर वर्षे चालत आले आहे. म्हणून या लेखात गावाची गोष्ट आणि घरी करून बघण्याची पद्धत, दोन्ही एकत्र दिली आहेत.

झटपट नमुना म्हणजे काय?

नमुना म्हणजे विकायच्या वस्तूची छोटी आवृत्ती, असा आपला समज असतो. तो पूर्ण बरोबर नाही. नमुना म्हणजे हातात धरता येईल असा एक प्रश्न. "हे इथे मावेल का?" हा एक प्रश्न झाला. "हे इतका भार सोसेल का?" हा दुसरा. "हे कुणी रोज वापरेल का?" हा तिसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुठ्ठा आणि कात्री देऊ शकते. दुसऱ्याला लाकूड किंवा धातू लागतो. तिसऱ्याला माणसे लागतात आणि वेळ लागतो. तिन्ही प्रश्न एकाच नमुन्यावर लादले, तर नमुना महाग होतो, उशिरा होतो, आणि बिघडला की नेमके कशाने बिघडला ते कळत नाही.

झटपट या शब्दालाही अर्थ आहे. नमुना लवकर झाला की मोडताना जीव तुटत नाही. सहा महिने खपून केलेल्या नमुन्याचे दोष दिसले तरी आपण ते बघत नाही. एका संध्याकाळी केलेला नमुना आपण हसत हसत टाकून देतो आणि दुसरा करतो. सगळा फायदा या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या नमुन्यात असतो.

तंत्राचा थोडा इतिहास

लाकडाचे, मातीचे, प्लास्टरचे नमुने माणूस पूर्वीपासून करत आला आहे. संगणकातील चित्रावरून यंत्राने थेट वस्तू घडवण्याची सुरुवात मात्र १९८० च्या दशकातली. जपानमध्ये नागोया येथे हिदेओ कोदामा यांनी प्रकाशाने घट्ट होणाऱ्या राळेचे थर रचून वस्तू करण्याचे प्रयोग त्या दशकाच्या सुरुवातीला केले. अमेरिकेत चक हल यांनी १९८३ मध्ये याच तत्त्वावर पहिली वस्तू बनवली आणि १९८६ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. या पद्धतीला स्टिरिओलिथोग्राफी हे नाव पडले. त्यानंतर भुकटी लेसरने वितळवून जोडण्याची पद्धत आली आणि प्लास्टिकची तार वितळवून थर घालण्याचीही पद्धत आली. ही शेवटची पद्धत स्कॉट क्रंप यांची. तिचे मूळ पेटंट २००९ मध्ये संपले आणि त्यानंतर घरी ठेवता येतील असे स्वस्त थ्री-डी प्रिंटर बाजारात आले.

बव्हेरियाचाही यात वाटा आहे. म्युनिकजवळच्या क्रायलिंगमधील ई.ओ.एस. ही कंपनी १९८९ पासून या क्षेत्रात आहे. आपल्या फ्रँकोनियातील लिख्टेनफेल्स हे गाव पूर्वीपासून टोपल्या विणण्यासाठी प्रसिद्ध. तिथे २००० मध्ये कॉन्सेप्ट लेसर ही कंपनी सुरू झाली आणि धातूची भुकटी लेसरने वितळवून सुटे भाग घडवू लागली.

पण यंत्रे ही सोय झाली. नमुन्यामागची शिस्त यंत्रांच्या कितीतरी आधीची आहे, आणि त्यासाठी हेर्त्सोगेनआउराखकडे वळूया.

धुण्याच्या खोलीतला कारखाना

हेर्त्सो (स्थानिक मंडळी गावाला हेच म्हणतात) हे आउराख नदीकाठचे जुने गाव. पहिल्या महायुद्धानंतर इथे आडोल्फ उर्फ आदी डास्लर हा तरुण आईच्या धुण्याच्या खोलीत बूट करू लागला. आई लोकांचे कपडे धुऊन देत असे, वडील चपला-बुटांच्या कारखान्यात कामाला होते. कच्च्या मालाची टंचाई होती, त्यामुळे लष्कराच्या टाकून दिलेल्या सामानातले चामडे आणि कापड वापरात आले. विजेचा भरवसा नव्हता, म्हणून सायकलसारखे पेडल मारून यंत्र फिरवावे लागे. धावण्याच्या बुटांचे खिळे गावातल्या लोहाराच्या घरातला त्याचा मित्र घडवून देई. पुढे थोरला भाऊ रुडोल्फ सोबत आला आणि १९२४ मध्ये डास्लर बंधूंचा कारखाना रीतसर नोंदला गेला.

आदी डास्लर स्वतः खेळाडू होता आणि स्वतःचे बूट स्वतः घालून बघत असे. तेवढ्यावर तो थांबला नाही. जर्मन धावपटूंचे प्रशिक्षक योझेफ वाइत्झर यांच्याशी त्याने संबंध जोडला आणि ज्यांना खरोखर शर्यती जिंकायच्या होत्या त्यांच्या पायात आपले बूट घातले. १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये लीना राड्के यांनी ८०० मीटरचे सुवर्णपदक डास्लर बूट घालून जिंकले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जेसी ओवेन्स यांच्या पायातही डास्लर बूट होते.

यातून आपल्याला घेण्यासारखी पहिली गोष्ट ही, की नमुना अशा माणसाला द्या ज्याचे त्या वस्तूवाचून अडते. आपला भिडस्त मित्र "छानच आहे" म्हणेल. धावपटूच्या टाचेला फोड आला तर तो बूट फेकून देईल. आपल्याला तो फेकलेला बूट हवा आहे.

पुढे भावाभावांत वितुष्ट आले. १९४८ मध्ये कारखान्याची वाटणी झाली. रुडोल्फची प्यूमा आणि आदीची आदिदास अशा दोन कंपन्या एकाच गावात उभ्या राहिल्या. समोरच्याने कुठले बूट घातलेत हे आधी बघून मगच लोक बोलत, म्हणून हेर्त्सोला वाकलेल्या मानांचे गाव म्हणत असत.

१९५४ : भिजलेले मैदान

४ जुलै १९५४. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना, पश्चिम जर्मनी विरुद्ध हंगेरी. दोनच आठवड्यांपूर्वी गटातल्या सामन्यात हंगेरीने जर्मनीला ८-३ असे धुतले होते. त्या दिवशी पाऊस पडत होता आणि मैदान निसरडे झाले होते. जर्मन संघासोबत आदी डास्लर होता, आणि संघाच्या बुटांचे स्टड स्क्रूसारखे काढून बदलता येत होते. ओल्या मैदानासाठी लांब स्टड बसवले गेले. जर्मनी ०-२ अशी मागे पडूनही ३-२ ने जिंकली. स्क्रूचे स्टड आधी कोणी केले यावर आदिदास आणि प्यूमा दोघांचाही दावा आहे. त्या वादात आपल्याला पडायचे नाही. आणि सामना काही एकट्या बुटांनी जिंकला नाही, हेही खरेच.

आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. हवा कशी असेल हे बूट करणाऱ्याला आधी माहीत नसते. त्यामुळे ज्या भागाबद्दल खात्री नाही, तो भाग त्याने बदलता येईल असा ठेवला. नमुना करताना हेच करावे. जे पक्के ठाऊक आहे ते घट्ट जोडा, आणि जिथे शंका आहे तिथे स्क्रू ठेवा.

हातगाड्यांपासून बेअरिंगपर्यंत

हेर्त्सोमधली तिसरी मोठी कंपनी शेफलर. विल्हेल्म आणि गेओर्ग शेफलर या भावांनी १९४६ मध्ये इथे कारखाना सुरू केला तेव्हा युद्धानंतरच्या टंचाईत लोकांना लागणाऱ्या हातगाड्या आणि लाकडी वस्तू तिथे बनत. १९४९ मध्ये गेओर्ग शेफलर यांनी सुईसारख्या बारीक रोलरच्या बेअरिंगमध्ये सुधारणा केली. पूर्वी हे रोलर एकमेकांना घासत आणि तिरपे होत. त्यांनी प्रत्येक रोलरला पिंजऱ्यातल्या आपापल्या खाचेत बसवले, त्यामुळे रोलर समांतर राहिले आणि घर्षण कमी झाले. आख्खे बेअरिंग नवे शोधायची गरज नव्हती, एका नेमक्या अडचणीवर एक नेमका उपाय पुरला. याच कंपनीमुळे हेर्त्सोचे पुण्याशी नाते आहे. शेफलर इंडियाचे मुख्य कार्यालय पुण्यात आहे आणि तळेगावला कारखाना आहे.

अलीकडचे दोन प्रयोग

पहिला आदिदासचा. २०१५ मध्ये कंपनीने थ्री-डी प्रिंटरवर बनलेल्या मधल्या सोलचा बूट दाखवला. २०१७ मध्ये कार्बन या अमेरिकन कंपनीच्या तंत्राने राळेला प्रकाशाने घट्ट करून जाळीदार सोल बनवला. इथे साचा लागत नाही, त्यामुळे जाळीची वीण बदलायची तर संगणकातले चित्र बदलले की झाले. त्याच सुमारास हेर्त्सोपासून फार लांब नसलेल्या आन्सबाखमध्ये कंपनीने स्पीडफॅक्टरी नावाचा यंत्रमानवांचा कारखाना उभारला. गिऱ्हाइकाच्या जवळ आणि झटपट बूट, ही कल्पना. जगभर गाजावाजा झाला. पण नोव्हेंबर २०१९ मध्ये आन्सबाख आणि अमेरिकेतील अटलांटा येथील दोन्ही कारखाने बंद करण्याचे जाहीर झाले, आणि एप्रिल २०२० पर्यंत तिथले उत्पादन थांबवून ते तंत्र आशियातील पुरवठादारांकडे नेण्याचे ठरले.

या प्रसंगातून शिकायचे ते असे. थोडे नग झटपट करता येणे आणि लाखो नग परवडणाऱ्या भावात करता येणे या दोन निराळ्या परीक्षा आहेत. पहिलीत पहिला नंबर आला म्हणून दुसरी पास झालो असे समजू नये. आदिदासला हा धडा पेलला. घरची बचत घालणाऱ्याला तो पेलेलच असे नाही.

दुसरा प्रयोग प्यूमाचा, आणि माझ्या मते तो आपल्यासाठी जास्त उपयोगी आहे. त्यांच्या प्रसिद्ध स्वेड बुटाची मातीत मिसळणारी आवृत्ती करता येईल का, हा प्रश्न होता. बाजारात उतरण्याआधी त्यांनी ५०० जोड केले आणि २०२२ च्या सुरुवातीला जर्मनीतल्या ५०० लोकांना वापरायला दिले. सहा महिने घाला आणि परत करा, एवढीच अट. ४१२ जणांनी जोड परत केले. मग ते नेदरलँड्समधील कंपोस्ट करणाऱ्या उद्योगाकडे पाठवले. २०२३ मध्ये निकाल सांगितला गेला. ठरावीक औद्योगिक परिस्थितीत बुटाचे खत होते, पण सोलला इतर भागांपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि पायाला आराम वाटण्याच्या दृष्टीनेही सुधारणा हवी. त्यानंतर २०२४ मध्ये सुधारलेल्या आवृत्तीचे पुन्हा ५०० जोडच विक्रीला आले.

इथे प्रश्न आधी ठरलेला होता, वेळ ठरलेला होता, वस्तू परत येण्याची सोय होती, आणि उणे बाजूही उघड सांगितली गेली. एवढ्या मोठ्या कंपनीला ५०० जोड पुरले. आपल्याला पाच पुरावेत.

आपल्याकडची उदाहरणे

हे सगळे परदेशी वळण आहे असे समजायचे कारण नाही. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनेल अशी शेतकऱ्यांना भीती होती. नांगर नांगरतो का, हा प्रश्न सुटला होता. शेतकरी तो आपल्या शेतात घालू देईल का, हा सुटायचा होता, आणि त्यात बराच काळ गेला.

दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्यातील पाबळचे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकायचे, हा तिथला पाया. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेचे प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांच्या फॅब लॅब या कल्पनेची अमेरिकेबाहेरची पहिली प्रयोगशाळा २००२ मध्ये याच पाबळमध्ये सुरू झाली. फॅब लॅब म्हणजे लेसर कटर, थ्री-डी प्रिंटर, इलेक्ट्रॉनिक्सचे सामान असलेली सार्वजनिक कार्यशाळा. आज एर्लांगनला जी फॅब लॅब आहे, ती पाबळच्या धाकट्या बहिणीसारखी म्हणायला हरकत नाही!

घरचे उदाहरण : ओट्यावरची खवणी

आता प्रत्यक्ष कृती. समजा, आपल्याला इथल्या स्वयंपाकघरासाठी नारळाची खवणी करायची आहे. जमिनीवर बसायची विळी इथे गैरसोयीची, आणि तळाला रबरी व्हॅक्यूम असलेली खवणी खडबडीत ओट्यावर धरत नाही.

पायरी ० : आधी बाजार बघा. कडेला पकडीने बसणाऱ्या खवण्या मिळतात. मग आपली अडचण नक्की कोणती? समजा, घरातल्या खवणीचा जबडा इथल्या ओट्याच्या जाडीइतका उघडत नाही. इथले ओटे बरेचदा ३८ मिलिमीटर जाड असतात. म्हणजे प्रश्न आख्ख्या खवणीचा नाही, जबड्याचा आहे. एका वाक्यात वहीत लिहा. इथेच निम्मे पैसे वाचतात.

पायरी १ : पुठ्ठा. प्रश्न, "हे इथे बसते का?" खोक्याच्या पुठ्ठ्याचा जबडा कापा आणि ओट्याला लावून बघा. लगेच कळेल की ओट्याची कड पुढे जेमतेम दोन-चार सेंटिमीटर आलेली असते आणि खाली खण असतो. स्क्रू खाली आला की खण उघडत नाही. कागदावर काढलेल्या चित्रात हे कधीच दिसले नसते. खर्च शून्य, वेळ अर्धा तास. कदाचित असेही ठरेल की जागा ओट्यावर नाही, जेवणाच्या टेबलावर आहे.

पायरी २ : लाकूड. प्रश्न, "जोर लावल्यावर हलते का?" बाउमार्क्टमधून लाकडाचा ठोकळा आणि सुतारकामाची साधी पकड आणा. त्यावर जुन्या खवणीचे पाते घट्ट बसवा. खरा नारळ खवून बघा. खवताना जोर खाली, पुढे आणि बाजूला असा तिन्हीकडे लागतो. कुठल्या दिशेने सरकते ते लिहून ठेवा. पाते धारदार आहे, तेव्हा ही चाचणी मोठ्यांनीच करावी, आणि मुलांना लांब ठेवावे.

पायरी ३ : थ्री-डी प्रिंट. प्रश्न, "हा आकार बरोबर आहे का?" आता माप घेऊन जबडा संगणकावर काढा आणि छापा. एकमेकांत सरकणाऱ्या भागांमध्ये ०.२ ते ०.५ मिलिमीटर जागा सोडा, नाहीतर ते अडकतात. पहिला तुकडा जवळजवळ नक्की चुकेल. त्याचे वाईट वाटून घेऊ नका. ज्या जागेबद्दल शंका आहे (म्हणजे रबरी गादीची जाडी) तिथे बदलता येईल अशी खाच ठेवा. १९५४ चे स्टड आठवा.

पायरी ४ : पाच घरे. प्रश्न, "कुणी वापरते का?" पाच सारखे नमुने करा आणि पाच निरनिराळ्या घरी द्या. भारतातून तीन महिन्यांसाठी आलेल्या आजी असाव्यात, रोज घाईत असणारे नोकरदार जोडपे असावे, एखादा विद्यार्थी असावा. दोन आठवड्यांनी जा.

"छान आहे हो" पासून सावध

आपण मराठी माणसे कुणाच्या कामाला तोंडावर नावे ठेवत नाही. हा गुण आहे, पण नमुना पारखताना तो आड येतो. म्हणून "आवडले का?" असे विचारूच नये. त्याऐवजी हे करावे :

१. समोर बसून वापरायला सांगा आणि आपण गप्प राहा. मदत करू नका. हात कुठे अडतो ते बघा.
२. "मागच्या आठवड्यात किती वेळा वापरली?" असे विचारा. उत्तर आकड्यात येते.
३. वस्तू कुठे ठेवली आहे ते बघा. ओट्यावर असेल तर वापरात आहे. वरच्या कपाटात, मागे असेल तर उत्तर मिळाले.
४. "ही परत नेतो" म्हणून बघा. कुणी "राहू द्या की अजून" म्हणाले, तर त्याला शंभर "छान"ची किंमत आहे.
५. शेवटी किंमत सांगा आणि मागणी आगाऊ नोंदवायची का ते विचारा. वाखाणणारे बरेच असतात, पैसे मोजणारे थोडे.

आणि चाचणी घेण्याआधीच ठरवा की काय झाले तर कल्पना सोडून द्यायची. उदाहरणार्थ, "पाचपैकी तीन घरांत दोन आठवड्यांनी वापर बंद झाला असेल, तर थांबायचे." हे आधी लिहिले नाही, तर नंतर मन पळवाटा शोधते.

वही ठेवा

प्रत्येक नमुन्याला क्रमांक द्या आणि चार ओळी लिहा : तारीख, प्रश्न, काय झाले, पुढच्या नमुन्यात काय बदलले. एका वेळी एकच गोष्ट बदला. जबडाही बदलला आणि रबरही बदलले, तर सुधारणा कशाने झाली ते कळणार नाही. जुने नमुने टाकू नका, दोरा बांधून एका खोक्यात ठेवा.

प्रिंटरबद्दल दोन इशारे

पी.एल.ए. हे नेहमीचे प्लास्टिक साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते. डिशवॉशरमध्ये किंवा उन्हातल्या गाडीत ते वाकते. दुसरे, छापलेल्या वस्तूच्या थरांच्या फटींत अन्न अडकते. त्यामुळे अन्नाला लागणारा भाग स्टीलचा घ्यावा. विक्रीचा विचार असेल तर अन्नाला लागणाऱ्या साहित्यासाठी युरोपीय संघाचा १९३५/२००४ हा नियम लागू होतो. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेचा नवा युरोपीय नियमही १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला आहे.

कुठे करावे?

एर्लांगन विद्यापीठाच्या तंत्रशास्त्र विभागात एफ.ए.यू. फॅब लॅब आहे, आणि न्यूरेंबर्गमध्येही लोकांनी संस्था स्थापून चालवलेली फॅब लॅब आहे. जाण्याआधी वेळा आणि नियम विचारून घ्यावेत. मुलांना जरूर न्यावे. आपण काढलेले चित्र हातात वस्तू होऊन येते, हा अनुभव मुले विसरत नाहीत.

कायद्याच्या चार गोष्टी

१. दाखवण्याआधी विचार करा. जर्मन आणि युरोपीय पेटंटसाठी वस्तू अर्जाच्या दिवशी पूर्णपणे नवी असावी लागते. गणेशोत्सवातल्या स्टॉलवर ठेवली तरी ती जाहीर झाली असे धरले जाऊ शकते. पाच घरी देताना गुप्ततेचा साधा लेखी करार करून घ्यावा.

२. गेब्राउख्समुस्टर. हे छोटे पेटंट म्हणावे असे संरक्षण आहे. ते जास्तीत जास्त १० वर्षे मिळते, पद्धतींना नाही पण वस्तूंना मिळते, आणि स्वतः जाहीर केल्यानंतर ६ महिन्यांपर्यंत अर्ज करता येतो. म्युनिकच्या जर्मन पेटंट कार्यालयात ऑनलाइन अर्जाचे शुल्क ३० युरो आहे. नोंदणी करताना वस्तू खरोखर नवी आहे का हे कार्यालय तपासत नाही, त्यामुळे वाद झाला तर ते सिद्ध करावे लागते.

३. नोकरदारांनी हे नक्की वाचावे. नोकरीत असताना लावलेल्या शोधांसाठी जर्मनीत १९५७ पासून वेगळा कायदा आहे. कामाशी संबंधित शोध मालकाला लेखी कळवावा लागतो, आणि मालकाने चार महिन्यांत सोडून दिला नाही तर त्यावर मालकाचा हक्क धरला जातो. त्याबद्दल मोबदला मिळण्याचा हक्क आपल्याला असतो. घरी, स्वतःच्या वेळेत लावलेला शोधसुद्धा सहसा कळवावा लागतो. बेअरिंगच्या कारखान्यात काम करणाऱ्याने खवणी केली तर अडचण येण्याचे कारण दिसत नाही. पण त्याने खवणीसाठी नवे बेअरिंग केले, तर आधी विचारावे.

४. विकण्याआधी राटहाउसमध्ये व्यवसायाची नोंद करावी लागते. ज्यांचा व्हिसा नोकरीशी बांधलेला आहे त्यांनी आउसलेंडरबेहोर्डेची परवानगी लागेल का ते आधी विचारावे, आणि नोकरीच्या करारातील जोडधंद्याचे कलम वाचावे. शंका असेल तर न्यूरेंबर्गच्या आय.एच.के.मध्ये चौकशी करावी किंवा वकिलाचा सल्ला घ्यावा. हा लेख त्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही.

साच्यावर पैसे कधी घालावेत?

प्लास्टिकच्या साच्याला हजारो युरो लागतात, आणि एकदा पोलाद कापले की बदल महाग पडतो. म्हणून खालच्या पाचही प्रश्नांना "हो" आल्याशिवाय साचा करू नये :

- अडचण एका वाक्यात सांगता येते का?
- शेवटच्या दोन नमुन्यांत मोठा बदल करावा लागला नाही, असे झाले का?
- अनोळखी माणसाने न सांगता वस्तू वापरली का?
- कुणी आगाऊ पैसे दिले का?
- सगळे नग पडून राहिले तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही ना?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नवरा-बायकोने मिळून द्यावे. केलरमधले खोके दोघांचेही असतात.

आणि उत्तर "नाही" आले तरी खंत करू नये. पुठ्ठा, एक ठोकळा आणि पाच छापील तुकडे एवढ्या खर्चात एक मोठी चूक टळली, हाही नफाच आहे. आदी डास्लरच्या धुण्याच्या खोलीतून किती जोड फेकले गेले असतील याची कुणी मोजदाद ठेवली नसेल. आपल्या खोक्यातल्या नमुन्यांना मात्र क्रमांक असू द्या.

तुमच्याही मनात एखादी वस्तू असेल तर या शनिवारी पुठ्ठा आणि कात्री काढा. पुढच्या कार्यक्रमाला येताना वहीत लिहिलेला पहिला प्रश्न तेवढा घेऊन या. वस्तू नाही आणली तरी चालेल. कारण कायद्याचा पहिला मुद्दा आठवतोय ना, दाखवण्याआधी विचार करायचा आहे!